वसईचे दोन तह आणि आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्या

मराठी मनुष्यास ऐतिहासिक कादंबरीची जितकी ओढ आहे तितकी दुसऱ्या कोणत्याही ग्रंथप्रकाराची नसावी. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' १८७१ सालीं निघाली, त्यास आतां दीडशें वर्षें उलटून गेलीं; परंतु हा ओघ आटण्याचें चिन्ह नाहीं. हरिभाऊ आपटे गेले, नाथमाधव आले, त्यांच्यामागून वि. वा. हडप, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, शिवाजी सावंत, विश्वास पाटील आले. लेखक बदलले, वाचकाची भूक बदलली नाहीं. वडिलांनीं जपून ठेवलेली 'स्वामी' मुलगा वाचतो आणि पुस्तकाचें नांव काढतांच ज्यास जांभई येते असा पेढीवरचा गृहस्थही 'पानिपत' हातीं पडल्यावर रात्र रात्र जागतो. ही आवड वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या समाजास आपल्या पूर्वजांविषयीं कांहींच वाटत नाहीं त्यापेक्षां ज्यास थोडें अधिक वाटतें तो समाज बरा. परंतु ह्या आवडीनें आमच्या वसईसारख्या गांवास काय दिलें व काय दिलें नाहीं, ह्याचा जमाखर्च कोणीं मांडलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो मांडण्याचें आज योजिलें आहे.

वसई हें नांव हिंदुस्थानच्या इतिहासांत दोन तहांस चिकटलें आहे. पहिला तह २३ डिसेंबर १५३४ चा. गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्याच्यावर दिल्लीचा हुमायून चालून येणार हें उघड दिसूं लागलें होतें. जमिनीवरच्या शत्रूस तोंड द्यावयाचें तर समुद्रावरच्या शत्रूस मित्र करून घ्यावें, अशा हिशेबानें बहादुरशहानें वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख, साष्टी व मुंबईचीं बेटें धरून, पोर्तुगीज गव्हर्नर नूनो द कुन्हा ह्याच्या पदरांत टाकला. ह्या तहांत व्यापाऱ्यांनीं ध्यानांत धरावें असें एक कलम होतें. गुजराथेंतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गलबतांनीं आधीं वसईस येऊन पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा आणि परततांना पुन्हां वसईसच लागून जकात भरावी, असें त्यांत ठरलें. म्हणजे सुलतानाच्या भीतीची किंमत खंबायतेच्या सावकाराच्या गांठीची सुटूं लागली. ज्या मित्रासाठीं हें सारें केलें, त्याच मित्राशीं १५३७ च्या फेब्रुवारींत दीव येथें झालेल्या झटापटींत बहादुरशहा प्राणास मुकला.

दुसरा तह ३१ डिसेंबर १८०२ चा. त्याच्या आदल्या वर्षीं दुसऱ्या बाजीरावानें पुण्यांत विठोजी होळकरास हत्तीच्या पायीं दिलें होतें. विठोजीचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन दक्षिणेंत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरच्या मैदानावर त्यानें शिंदे व पेशवे यांच्या सैन्याचा मोड केला. बाजीराव पुणें सोडून पळाला, घाट उतरून कोंकणांत आला आणि शेवटीं इंग्रजांच्या आश्रयानें वसईस पोहोंचला. येथें कर्नल क्लोज ह्याच्याशीं त्यानें जो करार केला त्याचीं कलमें पाहण्यासारखीं आहेत. इंग्रजांच्या सहा पलटणी व तोफखाना पेशव्यांनीं कायमचा पोसावा. त्या खर्चासाठीं वर्षाकाठीं २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. इंग्रजांशीं वैर असलेल्या राष्ट्रांतील युरोपियन नोकरींत ठेवूं नयेत. निजाम व गायकवाड यांच्याकडील येण्याचा निवाडा इंग्रजांनीं करावा. इतर राजांशीं बोलणें करावयाचें तर त्यांच्या सल्ल्यानें करावें. दुकानदारीच्या भाषेंत सांगावयाचें म्हणजे, भांडकुदळ भागीदाराच्या धाकानें मालकानें पहारेकरी ठेवला आणि पहारेकऱ्याच्या पगारापोटीं दुकानाची किल्लीच त्याच्या कनवटीस दिली. पुढें १८१८ सालीं राज्य बुडालें आणि बाजीराव वर्षास ८ लक्ष रुपयांच्या तनख्यावर ब्रह्मावर्तास जाऊन बसला, हें सर्वांस ठाऊक आहे.

दोन्ही तह डिसेंबरचे. मध्यें १७८० सालीं इंग्रज सेनापति गॉडर्ड ह्यानें हा किल्ला मराठ्यांपासून घेतला तोही डिसेंबरांतच; सालबाईच्या तहानें तो परत मिळाला एवढेंच. डिसेंबर महिना वसईस धार्जिणा नाहीं असें एखाद्या ज्योतिष्यानें म्हटलें तर त्यास बोल लावतां येणार नाहीं! परंतु ग्रहांचा दोष काढण्यापूर्वीं माणसांचा दोष पाहणें बरें. दोन्ही वेळीं लेखणी धरणारा हात परक्याच्या भीतीनें कांपत नव्हता. तो आपल्याच भूमीवरील प्रतिस्पर्ध्याच्या भीतीनें कांपत होता. घरांतल्या भांडणास औषध म्हणून समुद्रावरून वैद्य आणला आणि वैद्यानें घरच ताब्यांत घेतलें, ही एकच गोष्ट २६८ वर्षांच्या अंतरानें त्याच गांवीं दोनदां घडली. पहिल्या वेळीं राजा मुसलमान होता, दुसऱ्या वेळीं ब्राह्मण. धर्मभेदानें ह्या रोगाच्या लक्षणांत कांहीं फरक पडला नाहीं.

ह्या दोन तहांच्या मधोमध १७३९ सालचा विजय उभा आहे, आणि तो खरोखरच मोठा आहे. त्याचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चिमाजी आप्पा ह्या तटाखालीं बसले. त्याच सुमारास नादिरशहा दिल्लींत कत्तल करीत होता. उत्तरेकडून कोणत्या दिवशीं कोणती बातमी येईल ह्याचा नेम नव्हता. किल्ल्याच्या भोंवतीं बहुतेक बाजूंस पाणी आणि दलदल. जमिनीकडून शिरावयाचें तर उत्तरेच्या वाळूंतूनच मोर्चे पुढें सरकवावे लागत. तटाखालीं सुरुंग नेले. कांहीं वेळेवर उडाले, कांहीं उशिरानें उडाले. आणि जे उशिरानें उडाले त्यांनीं भगदाडांत चढलेलीं आपलींच माणसें गिळलीं. मेले व जायबंदी झाले त्यांची गणति हजारांत जाते. शेवटीं किल्ला खालीं झाला. पोर्तुगीजांच्या 'उत्तर प्रांता'चा येथें अंत झाला आणि त्या प्रांताचें नांव मागें राहिलें तें केवळ कागदांत.

आतां आमच्या मुद्द्याकडे येऊं. व्याख्यान असो, पोवाडा असो, शाळेंतलें नाटक असो किंवा कादंबरी असो, आमच्या लोकांचा सारा ओढा १७३९ कडे आहे. १५३४ आणि १८०२ ह्या सालांकडे पाठ फिरविलेली आहे. तोफेच्या तोंडीं बांधून निदान आपलें मस्तक तरी किल्ल्यांत पडेल असें करा, असें चिमाजी आप्पा म्हणाले, ही कथा येथें लहान पोरासही पाठ आहे. परंतु वसईच्या तहानें किती लाखांचा मुलूख गेला हें त्याच्या बापास विचारावें तर तो डोकें खाजवितो. जय कसा मिळाला हें आम्हीं शंभर वेळां ऐकलें. मिळालेलें हातचें कसें गेलें हें एकदांही मनापासून ऐकलें नाहीं. जो व्यापारी नफ्याचीच पानें वाचतो आणि तोट्याचीं पानें डिंकानें चिकटवून टाकतो, त्याच्या पेढीचें पुढें काय होतें हें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं.

ह्याचा दोष सर्वस्वीं लेखकांवर टाकणें अन्यायाचें होईल. ना. सं. इनामदार यांनीं 'झेप', 'झुंज' आणि 'मंत्रावेगळा' ह्या तीन कादंबऱ्यांत अनुक्रमें त्रिंबकजी डेंगळे, यशवंतराव होळकर आणि दुसरा बाजीराव हे पुरुष घेतले. ज्या माणसांचें नांव निघतांच आमचे लोक तोंड वळवीत, त्यांच्याजवळ जाऊन बसण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें. त्यांचे सर्व निष्कर्ष आम्हांस पटतात असें नाहीं. बाजीरावाविषयीं त्यांना वाटलेली कणव कोठें कोठें गरजेपेक्षां अधिक झाली आहे असें आम्हांस वाटतें. परंतु मराठी राज्य कसें बुडालें हा प्रश्न कादंबरीस विचारतां येतो, हें त्यांनीं सिद्ध केलें. विश्वास पाटलांची 'पानिपत' ही पराभवाचीच कथा आहे आणि ती लोकांनीं डोक्यावर घेतली. तेव्हां वाचकास पराभव पचत नाहीं ही सबब खरी नाहीं. त्यास फितुरी, हेवेदावे, थकलेले पगार, रिकामे खजिने हेंही वाचावयास आवडतें. मात्र तें कोणीं तरी मन लावून लिहिलें पाहिजे.

येथें एक जुनी गोष्ट आठवावीशी वाटते. हरिभाऊ आपट्यांनीं 'उषःकाल' लिहिली तेव्हां शिवाजी महाराजांस त्यांनीं कथेच्या मध्यभागीं बसविलें नाहीं. मध्यभागीं आहे एक कल्पित घराणें. बाप आदिलशाहीचा इमानी किल्लेदार, मुलगा नव्या स्वराज्याकडे ओढला गेलेला. महाराज क्षितिजावरच्या प्रकाशासारखे मागें राहतात. ह्यांत मोठें शहाणपण आहे. किल्लेदाराचें घर कल्पित असल्यामुळें त्या घरांत कोण काय बोललें हें लेखकानें रचलें आहे, हें वाचकास आपोआप कळतें. आणि बाप व मुलगा दोघेही प्रामाणिक असूनही परस्परांविरुद्ध उभे कसे राहतात हें दाखवितां येतें. स्कॉटपासून आलेली ही युक्ति पुढें मागें पडली. आतां राजाच नायक. राजा शेजेवर पडून काय विचार करतो, राणीस काय म्हणतो, मृत्यूच्या क्षणीं त्याच्या डोळ्यांपुढें काय उभें राहतें, हें सारें लेखक सांगतो आणि वाचक तें दफ्तरांतल्या कागदासारखें खरें मानतो. 'श्रीमान योगी'च्या आरंभीं नरहर कुरुंदकरांचें एक दीर्घ पत्र छापलें आहे. त्यांत शिवचरित्राचीं साधनें, त्यांतील अडचणी, कोणती गोष्ट कितपत विश्वासार्ह, ह्याची चर्चा आहे. आमच्या अनुभवानें दहांतले नऊ वाचक तीं पानें ओलांडून थेट कथेस हात घालतात. दुकानांत शिरतांना तराजूकडे न पाहतां थेट मालाकडे धांवणाऱ्या गिऱ्हाइकाची ही रीत झाली.

ह्यांत बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. शिवाजी सावंतांच्या 'छावा' ह्या कादंबरीवर आधारलेला हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारींत निघाला. त्यांत मोंगलांच्या खजिन्याचा उल्लेख पाहून मध्यप्रदेशांत बुऱ्हाणपुराजवळ, असीरगडच्या पायथ्याशीं, लोक रात्रींच्या वेळीं बॅटऱ्या, चाळण्या आणि धातु शोधण्याचीं यंत्रें घेऊन दुसऱ्याचीं शेतें खणूं लागले. हंसूं येतें, पण हंसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाहीं. त्याच चित्रपटांत ज्या शिर्के घराण्यांतील पुरुष फितूर दाखविले, त्या घराण्याच्या वंशजांनीं हरकत घेतली आणि दिग्दर्शकांस दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढें मार्च महिन्यांत औरंगजेबाच्या कबरीच्या वादावरून नागपुरांत दंगल झाली. तेव्हां ह्या चित्रपटानें औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना भडकल्याचें खुद्द मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं विधानसभेंत सांगितलें. दंगलीचें कारण एकटा चित्रपट होता असें आम्ही म्हणत नाहीं; दंगलीस कारणें नेहमींच अनेक असतात. परंतु कल्पित संवाद ऐकून माणूस कुदळ उचलतो, आणि प्रसंगीं दगडही उचलतो, एवढें ह्यावरून दिसून आलें.

वसईंत तर हा प्रश्न शेजाऱ्याच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोंचतो. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या वाचकास पोर्तुगीज म्हणजे पुस्तकांतला दूरचा शत्रु. आमचें तसें नाहीं. १७३९ त किल्ल्याच्या आंत व बाहेर, दोन्हीकडे ज्यांचे पूर्वज होते, ते लोक आज एकाच बाजारांत केळीं, पानें, फुलें व मासळी विकतात आणि एकाच लोकलनें चर्चगेटास जातात. शरणागतीच्या कलमांत, जे रयत म्हणून मागें राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिलेली होती. गोरे अधिकारी व जमीनदार गोव्याकडे गेले. शेत कसणारा, नारळीस पाणी घालणारा, होडी हांकणारा ख्रिस्ती मनुष्य येथेंच राहिला, कारण तो येथलाच होता. त्याची भाषा मराठीच, आणि तीही अशी कीं तिच्यांतील जुने शब्द ऐकून भाषाशास्त्र्यानें वही काढावी. ह्याच वसईंतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ त ते निवर्तले.

पोर्तुगीज अमलांत देवळें पाडलीं गेलीं, हिंदूंच्या धर्मकृत्यांस बंदी झाली, गोव्याच्या धर्मन्यायासनाचा वचक इकडेही होता. हें कादंबरीकारानें झांकावें असें आम्ही म्हणणार नाहीं. जुलूम जुलूम म्हणूनच लिहावा. परंतु जुलूम करणारा कोण आणि त्याच्या अमलाखालीं राहणारा कोण, एवढा विवेक लेखणीस असूं नये काय? गोव्याहून हुकूम पाठविणारा अधिकारी आणि त्याच्या वाड्यावर खंड नेऊन घालणारा ख्रिस्ती कुळवाडी ह्यांस एकाच रंगानें रंगविणारी कादंबरी आज छापली गेली, तर तिचा घाव १७३९ सालच्या मेलेल्या किल्लेदारास लागणार नाहीं. तो लागेल शाळेंत आपल्या मुलाच्या बांकावर बसणाऱ्या मुलास. आमच्या शहरांतील कित्येक मोठ्या देवळांत वसईच्या स्वारींतून आलेल्या घंटा आहेत अशा गोष्टी लोक अभिमानानें सांगतात, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील घंटा तर प्रसिद्धच आहे. ती घंटा ज्या गांवांतून गेली त्या गांवच्या माणसानें ती उतरतांना काय पाहिलें असेल, हा प्रश्न एखाद्या कादंबरीकारास सुचला तर ती कादंबरी आम्ही पदरचे पैसे देऊन वाचूं.

आणि राजे तरी सारे लढाईंतच संपतात काय? आमच्या नालासोपाऱ्याचेंच पहा. हें प्राचीन शूर्पारक. येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि त्याच वर्षीं त्यांनीं तेथील बौद्ध स्तूप खणला. १९५६ त भुईगांवाकडे नवव्या लेखाचाही तुकडा सांपडला. आठव्या लेखांत अशोक सांगतो तें असें कीं, पूर्वींचे राजे शिकारीच्या व चैनीच्या यात्रा करीत, आपण त्या सोडून धर्मयात्रा धरल्या. आणि लोकांनीं त्या स्तूपाच्या ढिगाऱ्यास नांव काय दिलें होतें? 'बुरूड राजाचा कोट'! सम्राटाचें नांव विसरलें आणि टोपल्या विणणाऱ्या जातीचा कोणी राजा लोकांच्या तोंडीं राहिला. ह्या एका नांवांत कादंबरीचें जेवढें बीज आहे तेवढें दहा लढायांत नसेल.

तसाच नहपानाचा जांवई उषवदात. त्याचा सासरा आणि गौतमीपुत्र सातकर्णि यांचें वैर हें कोणत्याही कादंबरीकारास भुरळ घालील असें आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथें १९०६ सालीं नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांतील बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप पुन्हां ठोकलेला आहे. जिंकलेल्या शत्रूचें नाणें वितळविण्याऐवजीं त्याच्याच तोंडावर आपला शिक्का मारणें, ही राजकारणाची अशी तऱ्हा आहे कीं सराफानें ती वाचावी आणि मान डोलवावी. परंतु त्याच उषवदातानें नाशिकच्या लेण्यांत जें कोरून ठेवलें आहे त्यांत शूर्पारकास बांधलेल्या धर्मशाळेचा उल्लेख आहे आणि कांहीं नद्यांवर फुकट उतार दिल्याचाही आहे. त्या नद्यांत दमण आणि डहाणू हीं नांवें येतात. आपल्याच जिल्ह्यांतील नदीवर सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं वाटसरूस फुकट नाव मिळत होती. नावेंत बसणारा तो वाटसरू कोण, त्याच्या गांठोड्यांत काय, तो कोणत्या राजास शिव्या देत चालला होता, हें कोणीं लिहावें? तरवारीचा खणखणाट नसल्यामुळें ती कादंबरी खपणार नाहीं, असें प्रकाशक म्हणतील. इटलींत मांझोनी ह्यानें १८२७ सालीं जी कादंबरी प्रसिद्ध केली तिचा नायक रेशीम विणणारा एक साधा तरुण आहे. त्यांत स्पॅनिश अमलाखालचें मिलान आहे, पावासाठीं झालेला दंगा आहे, १६३० ची प्लेग आहे. राजे दूर कोठें तरी लढत आहेत. तें पुस्तक आज त्या देशांतील शाळांत शिकवितात.

कादंबरीकार कलावंत आहे, त्याच्या मानेवर पुराव्याचें जोखड कशाला, असा एक आक्षेप नेहमींचा आहे. कल्पना करण्याचा लेखकाचा हक्क आम्हांस मान्य आहे, आणि कादंबरीवर बंदी घाला अशी मागणी जे वेळोवेळीं करतात त्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. बंदीनें खोटें मरत नाहीं, उलट त्याची किंमत वाढते. आमची मागणी फार लहान आहे. ज्या पुस्तकावर 'ऐतिहासिक' हा शब्द छापून चार प्रती अधिक विकल्या जातात, त्या पुस्तकाच्या शेवटीं लेखकानें दोन पानें खर्चावीं आणि सांगावें कीं कोणतीं माणसें खरीं, कोणतीं रचलेलीं. कोणता प्रसंग कागदांत आहे, कोणता दंतकथेंतला, कोणता आपण घातला. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेस सन्मानानें परत पाठविल्याची गोष्ट शिवाजी महाराजांविषयीं सांगतात. वसईच्या वेढ्यांतही एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या स्त्रीस तसेंच परत पाठविल्याची गोष्ट सांगतात. दोन शतकें, दोन पुरुष आणि सांचा एकच. तेव्हां सांच्याकडे बोट दाखविणें हें लेखकाचें काम आहे. असें केल्यानें महाराजांची किंवा आप्पांची थोरवी तिळमात्र कमी होत नाहीं. उलट जी गोष्ट कागदानें सिद्ध आहे तिला वजन येतें. हुंडीवरची सही न पाहतां पैसे मोजणारा सराफ उदार म्हणवत नाहीं, मूर्ख म्हणवतो. वाचकाच्या बाबतींत मात्र आम्ही ह्या भोळेपणास देशाभिमान म्हणतों.

साधनांचा तुटवडा आहे असेंही नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' काढिलीं; 'महिकावतीची बखर' त्यांनींच १९२४ त छापली, आणि ती तर आमच्याच उत्तर कोंकणाची कुळकथा आहे. पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड सरदेसायांनीं सिद्ध केले, त्यांत वसईच्या मोहिमेचीं पत्रें आहेत. पारसनिसांनीं ब्रह्मेंद्रस्वामींचें चरित्र व पत्रव्यवहार प्रसिद्ध केला. वेढ्याची हकीकत चिमाजी आप्पांनीं स्वामींस स्वतः लिहून कळविली होती. कोणताही कादंबरीकार रचील त्यापेक्षां ती साधी आहे आणि म्हणूनच अंगावर कांटा आणणारी आहे. य. न. केळकरांची 'वसईची मोहीम' आहे. पोर्तुगीजांच्या बाजूचे कागद पाहून पां. स. पिसुर्लेकरांनीं लिहिलेला 'पोर्तुगेज मराठे संबंध' १९६७ सालीं पुणें विद्यापीठानें छापला. अंजूरच्या नाईकांनीं पेशव्यांकडे संधान बांधून ह्या मोहिमेची वाट कशी मोकळी केली तें 'साष्टीच्या बखरी'ंत आहे. म्हणजे ज्यास राजा नको, स्थानिक माणूस हवा, त्या लेखकाचीही सोय झालेली आहे.

तेव्हां वसई, नालासोपारा, विरार येथील सार्वजनिक वाचनालयांच्या चालकांस आमची विनंति आहे ती अशी. कादंबऱ्यांचें कपाट आहे तेथेंच ठेवावें; तें हलविलें तर वर्गणीदार वाचनालय सोडतील हें आम्हांस कळतें. मात्र त्याच कपाटाच्या एका फळीवर केळकर, पिसुर्लेकर आणि महिकावतीची बखर हीं पुस्तकें मांडावीं आणि दाराशीं १८०२ च्या तहाचीं कलमें, सोप्या मराठींत, एका कागदावर डकवावीं. येत्या डिसेंबरच्या ३१ तारखेस पुष्कळ तरुण मंडळी वर्ष संपल्याच्या आनंदांत किनाऱ्यावर व किल्ल्याकडे येतील. त्या दिवशीं त्या तटाच्या आंत कशावर सही झाली होती, हें त्यांतल्या दहाजणांस जरी ठाऊक असलें तरी वाचनालयाचा कागद व डिंक फुकट गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या चालकांस हीं पुस्तकें मिळविण्यास अडचण पडेल त्यांनीं आम्हांस लिहावें. अशीं पत्रें ह्याच पानावर छापण्यास आम्ही जागा करूं.